बायका जास्त जाड की पुरुष? वजनाचे सरकारी आकडे वाचायचे कसे आणि ग्राफ काढायचा कसा

माझी भाची नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला असाइनमेंट होती, भारतातल्या बायका आणि पुरुषांमधलं वाढतं वजन, ग्राफ काढून दाखवा. मी दिवसभर ऑफिसात एक्सेलच कुटत असतो त्यामुळे घरातले असले सगळे ग्राफ माझ्याकडे येतात. रविवारी दुपारी आली तेव्हा वहीत भारतातल्या बायकांचे पाच आकडे लिहून आणले होते, १०.६, १२.६, २४, ५६.७ आणि ९.८. सगळे टक्के. वर्षाप्रमाणे लावून तिने रेषा पण ओढली होती, म्हणजे रेषा हळूहळू चढते, मग एकदम आभाळात जाते आणि २०२२ ला धाडकन खाली. "मामा, मधल्या दोन वर्षांत सगळ्या बायका बारीक झाल्या का रे?"

गंमत म्हणजे पाचही आकडे बरोबर आहेत. एकही थाप नाही. फक्त ते पाच वेगवेगळ्या गोष्टींचे आकडे आहेत आणि एका रेषेवर बसवले की सगळं चूक होतं. व्हॉट्सअपवर "बघा बायका किती जाड झाल्या" नाहीतर "पुरुषांची पोटं सुटली, सर्व्हेत सिद्ध" असले जे ग्राफ फिरतात ना, त्यातले बरेचसे असेच बनलेले असतात, खोटे आकडे घेऊन नाही तर खरे आकडे चुकीच्या शेजारी बसवून. म्हणून त्या दिवशी आम्ही जे जे केलं ते इथे लिहून ठेवतोय, कुणाला प्रोजेक्टला लागेल, कुणाला ग्रुपवर भांडायला लागेल.

आधी एकच सर्व्हे धरा

गूगलवर "ओव्हरवेट इंडिया" टाकून पहिल्या पानावरचे आकडे उचलायचे नाहीत. एक सर्व्हे पकडायचा आणि त्याच्याच वेगवेगळ्या फेऱ्या घ्यायच्या. आपल्याकडे यासाठी सगळ्यात सोयीचा म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, म्हणजे एनएफएचएस. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयासाठी हा सर्व्हे मुंबईत देवनारची आयआयपीएस संस्था करते, गोवंडी स्टेशनच्या जवळ, आपल्याच गावातली गोष्ट आहे तरी कित्येक मुंबईकरांना माहीत नसते. यांची माणसं वजनकाटा आणि उंचीची पट्टी घेऊन घरोघरी जातात आणि प्रत्यक्ष मोजतात. हे महत्त्वाचं आहे कारण फोनवर किंवा ऑनलाइन फॉर्मवर विचारलं की लोक उंची दोन बोटं वाढवून सांगतात आणि वजन दोन किलो कमी सांगतात. पुरुष उंचीत जास्त ढकलतात, बायका वजनात, त्यामुळे विचारून केलेल्या सर्व्हेत पुरुष-बायकांची तुलना तर अजूनच वाकडी होते.

त्यांच्या साइटवर भारताची आणि प्रत्येक राज्याची फॅक्टशीट फुकट मिळते, मोजकी पानं असतात. त्यात चार कॉलम, शहरी, ग्रामीण, एकूण, आणि शेवटचा कॉलम मागच्या फेरीचा एकूण आकडा. जुना आकडा शक्यतो या शेवटच्या कॉलममधूनच घ्या, जुनी फॅक्टशीट वेगळी उघडून बसू नका, कारण दशांशात थोडाफार फरक सापडतो आणि मग अर्धा तास हे बरोबर की ते बरोबर करण्यात जातो. आमचा गेला.

आपल्याला लागणाऱ्या ओळी या, वय १५ ते ४९, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप, हिशेब पुढे येतो) २५ किंवा त्याच्या वर:

२००५-०६: बायका १२.६ टक्के, पुरुष ९.३
२०१५-१६: बायका २०.६, पुरुष १८.९
२०१९-२१: बायका २४.०, पुरुष २२.९

बास. एवढे सहा आकडे म्हणजे तुमचा ग्राफ. बाकी सगळं काम आहे ते यांच्यात सातवा परका आकडा घुसू न देण्याचं.

रेषा कुठे आखलीये ते बघा

बीएमआय म्हणजे किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. माझंच घ्या, वजन ६९, उंची १६८ सेंटीमीटर म्हणजे १.६८ मीटर. १.६८ गुणिले १.६८ म्हणजे २.८२. एकोणसत्तरला २.८२ ने भागा, आलं साधारण २४.५. भाचीने लगेच "मामा तू नॉर्मल आहेस" असं सर्टिफिकेट दिलं, माझ्या पोटाकडे बघत. ते पोटाचं पुढे येतंच.

हे सूत्र बेल्जियमच्या केटले नावाच्या गणितज्ञाने १८३० च्या दशकात मांडलं, तो काही डॉक्टर नव्हता, त्याला सरासरी माणूस कसा असतो ते शोधायचं होतं. बॉडी मास इंडेक्स हे नाव तर १९७२ मध्ये अॅन्सल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने दिलं. म्हणजे मुळात हे लोकसंख्येचं माप आहे, एकेका माणसाला चिकटवायला नंतर लागलो आपण.

आता रेषा, म्हणजे कुठल्या आकड्यापासून जाड म्हणायचं ती हद्द. जागतिक आरोग्य संघटना म्हणते २५ च्या वर ओव्हरवेट, ३० च्या वर लठ्ठ. आपल्याकडचे डॉक्टर म्हणतात भारतीय शरीराला हे चालत नाही, २००९ मध्ये त्यांनी एकत्र बसून २३ ला ओव्हरवेट आणि २५ ला लठ्ठ असं ठरवलं. म्हणजे माझा २४.५ एनएफएचएसमध्ये नॉर्मल आणि आमच्या फॅमिली डॉक्टरकडे ओव्हरवेट, माणूस तोच, शर्टही तोच. फॅक्टशीटमध्ये २५ ची रेषा वापरतात आणि त्यात ओव्हरवेट आणि लठ्ठ दोन्ही एकत्र धरतात. अमेरिकेच्या तक्त्यांमध्ये मात्र "ओव्हरवेट" म्हणजे बऱ्याचदा फक्त २५ ते ३० मधले, लठ्ठ लोक वेगळ्या ओळीत. तिथे नुसत्या ओव्हरवेट ओळीत पुरुष जास्त दिसतात, आणि ते बघून अमेरिकेत पुरुष जास्त जाड असा निष्कर्ष काढणारे लोक मी पाहिलेत, खालची लठ्ठपणाची ओळ बघायची तसदीच घेतलेली नसते.

रेषा हलवली की काय होतं याचा नमुना अमेरिकेतच आहे. जून १९९८ पर्यंत तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेची रेषा पुरुषांना २७.८ आणि बायकांना २७.३ होती. मग दोघांना २५ केली. एका रात्रीत अडीच-तीन कोटी अमेरिकन ओव्हरवेट झाले, कुणी एक वडापाव सुद्धा जास्त खाल्ला नव्हता. तेव्हाच्या आधीचे आणि नंतरचे आकडे कुणी आंधळेपणाने जोडले तर त्या वर्षी काहीतरी भयंकर घडलं असं वाटेल.

भाचीच्या वहीतला ९.८ पण असाच. तो एनएफएचएसचा नाहीच. तो एनसीडी-रिस्क नावाच्या जगभरच्या शास्त्रज्ञांच्या गटाचा, २०२४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, आणि तो फक्त बीएमआय ३० च्या वरच्या बायकांचा आहे, वय २० च्या पुढे सगळं, वयाचा फरक काढून टाकून केलेला अंदाज, साल २०२२. रेषाच वेगळी. बायका बारीक वगैरे काही झालेल्या नाहीत.

कुणाला मोजलं?

वहीतला १०.६ हा १९९८-९९ चा, एनएफएचएसची दुसरी फेरी. आकडा त्याच सर्व्हेचा, रेषा पण २५ चीच, मग अडचण काय? अडचण अशी की त्या फेरीत फक्त लग्न झालेल्या बायकांना मोजलं होतं. पुढच्या फेरीत, २००५-०६ ला, सगळ्याच बायका घेतल्या, त्यात पंधरा-सोळा वर्षांच्या कॉलेजच्या बारीक पोरीही आल्या, त्यामुळे आकडा १२.६ दिसतो. पण त्याच फेरीतल्या फक्त लग्न झालेल्या बायका काढल्या तर आकडा १५ च्या आसपास जातो. म्हणजे १०.६ वरून १२.६ अशी रेषा ओढली की वाढ दोन पॉइंट (टक्क्यांची सरळ वजाबाकी) दिसते, आणि सारख्याला सारखं लावलं तर चार पॉइंटच्या वर. खरी वाढ दुप्पट! ही चूक मी स्वतः पूर्वी एका प्रेझेंटेशनमध्ये केलेली आहे आणि समोरच्या एका बाईंनी सगळ्यांसमोर शांतपणे विचारलं होतं की आधीच्या फेरीत अविवाहित मुली आहेत का हो. तेव्हापासून मी तक्त्याखालची बारीक अक्षरातली टीप आधी वाचतो आणि मग आकडा.

त्याच टिपेत अजून एक गोष्ट असते, गरोदर बायका आणि गेल्या दोन महिन्यांत बाळंत झालेल्या बायका यातून वगळलेल्या असतात. बरोबरच आहे ते.

आणि पुरुष? पुरुषांची उंची-वजन मोजायला सुरुवातच २००५-०६ ला झाली. त्यामुळे १९९८ चा पुरुषांचा आकडा या सर्व्हेत शोधत बसू नका, नाहीच तो. म्हणून आमच्या ग्राफमध्ये सुरुवात २००५-०६ पासून केली, दोघांची रेषा एकाच जागेवरून निघाली पाहिजे, एक आधी निघालेली आणि एक नंतर असं दिसायला पण वाईट दिसतं आणि वाचणारा फसतो.

पुरुषांबद्दल दुसरी गोष्ट म्हणजे ते मोजलेच कमी जातात. २०१९-२१ च्या फेरीत ७,२४,११५ बायकांना गाठलं आणि १,०१,८३९ पुरुषांना. सातास एक. देशाच्या पातळीवर लाखभर म्हणजे भरपूर झाले, पण राज्यावर उतरलात की पुरुषांचा आकडा डुगडुगायला लागतो, आणि जिल्ह्याच्या फॅक्टशीटमध्ये तर पुरुषांच्या वजनाची ओळच नसते, फक्त बायकांची असते. तेव्हा "सांगलीच्या पुरुषांचं वजन एनएफएचएसनुसार इतकं वाढलं" असा मेसेज आला तर सरळ विचारा, कुठल्या पानावर आहे दाखव.

आता ग्राफ काढू

गूगल शीट किंवा एक्सेल काहीही चालेल. पहिला कॉलम वर्ष, दुसरा बायका, तिसरा पुरुष. वर्षाच्या जागी "२००५-०६" असं टाइप करून लाइन चार्ट घेतला की सॉफ्टवेअर त्याला वर्ष न समजता नुसतं नाव समजतं आणि तीन ठिपके सारख्या अंतरावर ठेवून देतं. भाचीचा पहिला ग्राफ असाच झाला. पहिल्या दोन फेऱ्यांमध्ये दहा वर्षांचं अंतर आहे आणि पुढच्या दोघांमध्ये चार-पाच वर्षांचं, सारख्या अंतरावर ठेवले की दुसरा तुकडा कमी चढाचा दिसतो आणि माणूस खुशीत म्हणतो वाढ मंदावली. मंदावली वगैरे नाहीये. हिशेब करून बघा, बायका पहिल्या दहा वर्षांत ८ पॉइंट म्हणजे वर्षाला ०.८, नंतरच्या साधारण साडेचार वर्षांत ३.४ म्हणजे वर्षाला पाऊणच्या आसपास. पुरुष आधी ९.६ पॉइंट म्हणजे वर्षाला जवळजवळ एक, नंतर ४ पॉइंट म्हणजे वर्षाला ०.९ च्या जवळपास. वेग तोच आहे जवळजवळ.

म्हणून लाइन चार्ट नाही, स्कॅटर चार्ट घ्यायचा, त्यात "रेषेने जोडा" चा पर्याय असतो, आणि वर्षाच्या कॉलममध्ये नुसता आकडा टाकायचा, २००६, २०१६, २०२०. मग ठिपके आपापल्या खऱ्या जागी बसतात. उभा अक्ष शून्यापासून. काही जण आठपासून सुरू करतात म्हणजे चढ जिन्यासारखा दिसतो, बातमीला बरं पडतं, आपल्याला नको.

आणि बायकांना गुलाबी पुरुषांना निळा असं नका हो करू, प्रिंट काळी-पांढरी निघते कॉलेजात आणि दोन्ही रेषा करड्या होतात. एक सलग आणि एक तुटक, संपला विषय.

पट सांगायची की पॉइंट?

इथे खरी मारामारी असते. कुणाचं वजन "जास्त वाढलं", बायकांचं की पुरुषांचं? उत्तर तुम्ही वजाबाकी करताय की भागाकार त्यावर अवलंबून.

एनएफएचएसमध्ये सोपं आहे. २००५-०६ ते २०१९-२१, बायका १२.६ वरून २४.० म्हणजे ११.४ पॉइंट, पट काढली तर १.९. पुरुष ९.३ वरून २२.९, म्हणजे १३.६ पॉइंट, जवळजवळ अडीच पट. दोन्ही हिशेबाने पुरुष पुढे. बायका अजून वर आहेत पण पुरुष जोरात येतायत, दोघांमधलं अंतर ३.३ वरून १.७ आणि आता १.१ वर आलंय.

आता तो लॅन्सेटवाला घ्या, बीएमआय ३० च्या वरचा. १९९० मध्ये बायका १.२ टक्के, २०२२ मध्ये ९.८. पुरुष ०.५ वरून ५.४. वजाबाकी करा, बायका ८.६ पॉइंट वाढल्या, पुरुष ४.९. बायका जास्त वाढल्या! भागाकार करा, बायका आठ पट, पुरुष जवळजवळ अकरा पट. पुरुष जास्त वाढले! दोन्ही खरं. ज्याला जे सिद्ध करायचंय तो ते उचलतो. सुरुवातीचा आकडा ०.५ इतका चिमूटभर असला की पट नेहमीच भयंकर दिसते, म्हणून माझा नियम असा की दोन्ही लिहायचे, आणि एकच लिहायला जागा असेल तर पॉइंट लिहायचे, कारण पॉइंटमध्ये खरी माणसं मोजली जातात.

आणि हो, "२०.६ चे २४ झाले म्हणजे ३.४ टक्के वाढ" असं लिहू नका. ३.४ पॉइंट वाढ. टक्क्यात सांगायचं तर ती साडेसोळा टक्के वाढ होते. पेपरवाले पण हे सर्रास चुकवतात.

या दोन आकड्यांवरून अजून एक दिसतं जे मला जास्त इंटरेस्टिंग वाटलं. २५ च्या रेषेवर बायका-पुरुष जवळजवळ बरोबरीला आलेत, पण ३० च्या रेषेवर बायका पुरुषांच्या पावणेदोन पट. वयोगट वेगळे आहेत त्यामुळे अगदी तंतोतंत तुलना नको, पण ढोबळ चित्र हेच. थोडं वजन जास्त असण्यात दोघं सारखे, खूप जास्त असण्यात बायका कितीतरी पुढे. तेव्हा "फरक मिटत आलाय" असं म्हणताना कुठल्या रेषेवर ते सांगा.

गाव आणि शहर वेगळं करून बघा

हे करायला दोन मिनिटं लागतात, कॉलम आधीच दिलेले आहेत. २०१९-२१ मध्ये शहरी बायका ३३.२, शहरी पुरुष २९.८. ग्रामीण बायका १९.७, ग्रामीण पुरुष १९.३. बघा काय झालं, गावात बायका-पुरुषांत फरकच नाही म्हणावा इतका कमी, ०.४. शहरात साडेतीनच्या जवळ. म्हणजे देशाचा जो १.१ चा फरक आपण वर काढला तो बराचसा शहरातून आलाय. याचं कारण काय ते फॅक्टशीट सांगत नाही, आणि तुम्ही पण असाइनमेंटमध्ये ठोकून देऊ नका. मला वाटतं की गावात अजून बाईचं अंगमेहनतीचं काम सुटलेलं नाही, शेत आहे, पाणी आहे, सरपण आहे, आणि शहरात मिक्सर, गॅस, वॉशिंग मशीन आलं पण तिला स्वतःसाठी सकाळी चालायला जायची मोकळीक काही त्याच प्रमाणात आली नाही. पण हे माझं मत झालं, आकडा नाही.

दुसरी रेषा पण काढा, बारीक लोकांची

नुसती जाड लोकांची रेषा दाखवली की अर्धीच गोष्ट कळते. त्याच पानावर बीएमआय १८.५ च्या खालच्यांची ओळ असते. बायका, २००५-०६ ला ३५.५ टक्के, मग २२.९, मग १८.७. पुरुष ३४.२, मग २०.२, मग १६.२. ही रेषा त्याच ग्राफवर टाकली की कात्री दिसते. २०१५-१६ पर्यंत भारतात बारीक बायका जाड बायकांपेक्षा जास्त होत्या, २२.९ विरुद्ध २०.६. पुढच्या फेरीत १८.७ विरुद्ध २४.०. पुरुषांचं पण तसंच. म्हणजे कात्रीची दोन पाती या दोन फेऱ्यांच्या मध्ये कुठेतरी एकमेकांना ओलांडून गेली, आणि आपण सगळे तेव्हा इथेच होतो, कुणाच्या लक्षातही आलं नाही. भाची हे बघून जरा गप्पच झाली, कारण तिच्या पोस्टिंगला वस्तीत ती हिमोग्लोबिन तपासायला जाते आणि तिथे अजून अंगावर मांस नसलेल्या बायकाच जास्त भेटतात. पाचातली एक बाई अजून बारीक आहे, हे पण त्याच तक्त्यात आहे.

महाराष्ट्राचं काय

आता घरचं. महाराष्ट्राच्या बायका २०१५-१६ ला २३.४ आणि २०१९-२१ ला पण २३.४. एकदम सपाट. पुरुष २३.८ वरून २४.७. म्हणजे आपल्याकडे पुरुष बायकांच्या वर आहेत, देशाच्या उलट! भाचीने लगेच मोबाइल काढला, तिच्या बाबांना पाठवायला. मी म्हटलं थांब.

आधी सॅम्पल बघ. महाराष्ट्रात पुरुष मोजले साडेपाच हजारांच्या आसपास, बायका तेहतीस हजारांच्या वर. कच्चा हिशेब करायचा असेल तर असा, ०.२४७ गुणिले ०.७५३, त्याला ५५०० ने भाग, वर्गमूळ काढ, दोनने गुण. येतं ०.०११६ म्हणजे साधारण १.२ पॉइंट वर-खाली. शिवाय सर्व्हेत घरं गटागटाने निवडतात, एका गावातली बरीच घरं, त्यामुळे खरी चूक याहून थोडी जास्तच धरायची. मग २३.८ चे २४.७ झाले हे ०.९ चं अंतर त्या चुकीच्या पोटातच बसतं. "पुरुष वाढले" असं छातीठोक म्हणता येत नाही. पुरुष बायकांच्या वर, १.३ ने, हे पण काठावरच. "महाराष्ट्रात दोघं बरोबरीला आहेत" इतकं लिही, ते पक्कं आहे, आणि तसं बघितलं तर तीच मोठी बातमी आहे.

शेजारी गोव्यात बायका ३६.१. तामिळनाडू ४०.४, दिल्ली ४१.३. इथे अजून एक खड्डा आहे. महाराष्ट्र आणि गोव्याचं मोजमाप पहिल्या टप्प्यात झालं, जून २०१९ ते जानेवारी २०२०, म्हणजे कोरोनाच्या आधी. दिल्ली, पंजाब, तामिळनाडू, उत्तर प्रदेश दुसऱ्या टप्प्यात, जो जानेवारी २०२० ला सुरू होऊन मध्ये लॉकडाऊनमुळे थांबून एप्रिल २०२१ ला संपला. घरात बसून सगळ्यांनी काय काय केलं ते आठवत असेलच, डालगोना कॉफी आणि केक. तेव्हा महाराष्ट्र आणि दिल्ली शेजारी ठेवताना खाली एक ओळ टाका, दोन्हीची वेळ वेगळी आहे.

राहिला तो ५६.७

हा वजनाचा नाहीच, कंबर आणि नितंबाच्या मापाचा आहे. २०१९-२१ मध्ये पहिल्यांदाच घेतला, कंबर भागिले नितंब, बायकांमध्ये ०.८५ च्या वर धोका, पुरुषांमध्ये ०.९० च्या वर. बायका ५६.७ टक्के, पुरुष ४७.७. एकच फेरी आहे त्यामुळे ट्रेंड काढता येत नाही, ग्राफमध्ये टाकायचा नाही, पण वाचायचा जरूर. कारण बीएमआयने चौथा हिस्सा लोक पकडले जातात आणि टेपने अर्धे.

आपल्याकडे हे असं का, ते पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आयुष्यभर सांगितलं. २००४ मध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिनचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो लॅन्सेटमध्ये आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. वरून सडपातळ, आतून चरबी. हे कळलं की बीएमआयचा ग्राफ बघताना आपण आपोआप सावध होतो, तो किती बदललं हे चांगलं सांगतो, किती आहे हे आपल्या बाबतीत कमीच सांगतो.

मापायचं कसं, तर शिंप्याची टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड याच्या मधोमध, शर्ट वर करून, श्वास सोडल्यावर. पोट आत ओढायचं नाही (आम्ही ओढलं, पकडलं गेलो). पॅन्टचा नंबर म्हणजे कंबर नव्हे. माझी पॅन्ट ३४ ची, म्हणजे ८६ सेंटीमीटर, कारण ती पोटाच्या खाली बसते. टेपने आलं ९४. नितंब ९८. भागाकार ०.९६. भारतीय पुरुषाला कमरेची हद्द ९० सेंटीमीटर सांगतात, बाईला ८०. मघाचं नॉर्मलचं सर्टिफिकेट तिथेच परत घेतलं गेलं.

"पण मामा तू या आकड्यांत येतच नाहीस," भाची म्हणाली, "तू बावन्नचा आहेस, हे ४९ पर्यंतच आहे." बरोबर पकडलं. मुलाखती पुरुषांच्या ५४ पर्यंत घेतात पण ही टक्केवारी ४९ पर्यंतचीच. पन्नाशीपुढची अख्खी फौज, जिची पोटं सगळ्यात पुढे आहेत, ती या ग्राफच्या बाहेर उभी आहे.

शेवटी तिने ग्राफच्या खाली हे लिहिलं. तुम्ही पण असंच लिहा, राज्य आणि आकडे तुमचे टाकून:

"भारत, वय १५ ते ४९, बीएमआय २५ किंवा जास्त, ओव्हरवेट आणि लठ्ठ एकत्र. प्रत्यक्ष मोजलेली उंची आणि वजन. गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रिया वगळून. एनएफएचएस फेरी ३, ४ आणि ५. पाचव्या फेरीत काही राज्यांचं मोजमाप लॉकडाऊननंतरचं. २००५-०६ ते २०१९-२१, स्त्रिया ११.४ पॉइंट वाढ, पुरुष १३.६ पॉइंट. १९९८-९९ चा आकडा घेतलेला नाही कारण त्यात फक्त विवाहित स्त्रिया होत्या आणि पुरुष नव्हते."